सेन्सर, फुंकर आणि बाबांचा अजिंक्यतारा

या वीकेंडला खरं तर ट्रेकला जायचं होतं. नेहमीप्रमाणे शुक्रवारी रात्री दोघांनी टांग दिली आणि प्लॅन बारगळला. म्हटलं, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला एक विषय तरी लिहून टाकू.

विषय असा, की कॅमेऱ्याचा सेन्सर घरी साफ करावा का?

घाईत असलेल्यांसाठी माझं मत आधीच सांगतो. करावा. फक्त डाग खरंच सेन्सरवर आहे का ते आधी तपासावं, सगळ्यात कमी जोखमीचा उपाय सगळ्यात आधी करावा, आणि काम भागलं की हात मागे घ्यावा. एवढंच हवं होतं ते आता चहा प्यायला मोकळे. बाकीच्यांना एक कबुलीजबाब ऐकावा लागेल.

माझे बाबा २०१७ साली रिटायर झाले. आयुष्यभर स्वतःसाठी काही घ्यायची सवय नाही. दिवाळीचा शर्टसुद्धा आईने आणायचा आणि त्यांनी "कशाला उगाच" म्हणत घालायचा. पण ग्रॅच्युइटीचे पैसे आले आणि या माणसाने कुणाला न विचारता एक डीएसएलआर घेतला! एके काळी घरात हॉट शॉट कॅमेरा होता, त्यावर छत्तीस फोटो वर्षभर पुरवणारे आमचे बाबा. आईने कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं. खोक्यावर वाहिलं हे नशीब, नाहीतर सेन्सरवरचा पहिला डाग तोच असता.

आम्ही साताऱ्याचे. बाबा रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातात. कॅमेरा आल्यापासून दर रविवारी तो गळ्यात. ठरलेल्या जागी उभं राहायचं, समोर जरंडेश्वराचा डोंगर, खाली शहर आणि वर आकाश. दर रविवारी तोच एक फोटो. मी एकदा विचारलं, "बाबा, तुम्हाला कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "अरे, आकाश कुठे तेच असतं?" कॉम्प्युटरवर फोल्डरचं नाव 'माझा अजिंक्यतारा'. आत फाइल्स तारखेप्रमाणे लावलेल्या. आमच्या ऑफिसात इतकी शिस्त असती तर काय हवं होतं.

२०१८ ची दिवाळी. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे जगातलं सगळं कळण्याचं वय. मित्राची एक लेन्स आणली होती, ती लावून बघताना मला वाटलं आत काहीतरी कण दिसतोय. मेनूत शोधून साफसफाईचा मोड चालू केला, मिरर वर गेला, समोर तो हिरवट-जांभळा चमकणारा चौकोन. आणि मी काय केलं? डोळ्यात काही गेलं की आई घालते तशी जोरात फुंकर घातली.

तोंडात नुकताच चिवडा होता.

पुढचं वर्णन करत नाही. त्या चौकोनावर बारीक बारीक थेंब उडालेले दिसले. मी घाबरून कॅमेरा बंद केला, लेन्स लावली, बॅगेत ठेवला आणि भाऊबीज उरकून पुण्याला पळालो. कुणालाही काही बोललो नाही.

पुढे कॉलेज संपलं, नोकरी लागली, हा विषय मी सोयीस्करपणे विसरलो. २०२१ च्या पावसाळ्यात वर्क फ्रॉम होम साताऱ्याहून चालू होतं. एकदा कपाटात काही शोधताना उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला कॅमेरा सापडला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्याचा सेन्सर गेलाय. आकाशात डाग येतात. दुकानात दाखवला होता. तो म्हणाला, काका, सेन्सर बदलण्यापेक्षा नवीनच घ्या." आणि परत पेपर वाचायला लागले.

फोल्डर उघडून बघितलं. शेवटची फाइल जानेवारी २०१९ ची. पुढे काही नाही. त्यातले काही महिने लॉकडाऊनने खाल्लेच असते हे खरं, पण बाकीचे माझ्या चिवड्याने खाल्ले.

तर मंडळी, आता अपराधी भावनेपोटी केलेला अभ्यास सांगतो.

पहिली गोष्ट. आपण ज्याला सेन्सर सेन्सर म्हणतो तो उघडा नसतोच. खरी सिलिकॉनची चिप आत असते. तिच्यावर काचेसारखे फिल्टरचे थर असतात, इन्फ्रारेड अडवणारा वगैरे, आणि त्यावर बारीक लेप. धूळ बसते ती या फिल्टरवर आणि आपण पुसतो तोही हाच. म्हणजे साफ करताना चिपला हात लागत नाही. पण फिल्टरला किंवा त्याच्या लेपाला ओरखडा पडला तर तो कायमचा, आणि खर्च मोठा. म्हणून भीती अगदीच खोटी नाही. फक्त ती नेमकी कशाची आहे ते माहीत हवं.

दुसरी गोष्ट. हॉट शॉटच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता, कारण दर फोटोला फिल्मचा नवा तुकडा समोर यायचा. एखादा कण बसलाच तर तो त्या फ्रेमबरोबर पुढे निघून जायचा. डिजिटलमध्ये तोच चौकोन जन्मभर. एकदा बसलेला कण दर फोटोत, त्याच जागी, हजेरी लावतो. कंपन्यांनाही हे लवकर कळलं. ऑलिंपसच्या ई-१ मध्ये २००३ सालीच सेन्सरपुढचा फिल्टर वेगाने थरथरवून धूळ झटकायची सोय होती. २००६ साली कॅननच्या ४००डी मध्ये आणि सोनीच्या अल्फा १०० मध्येही धूळ झटकायची व्यवस्था आली. बाबांच्या कॅमेऱ्यातही ती आहे. कोरडी धूळ तिने बऱ्यापैकी उडते. चिवड्याच्या तेलकट थेंबावर मात्र तिचं काही चालत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात लागली. बाबांना कुणीतरी सांगितलं होतं की निसर्गदृश्य म्हणजे एफ/१६. बाबांनी ते गुरुमंत्रासारखं पाळलं. आणि नेमकं तिथेच डाग ठळक दिसतात. गणित सोपं आहे. समजा कण आहे ४० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडा कमी. आणि समजा तो चिपच्या एक मिलिमीटर वर बसलाय. एका पिक्सेलकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या उंचीवर किती रुंद असतो? एक मिलिमीटर भागिले एफ नंबर. एफ/१६ ला साधारण ६२ मायक्रॉन. म्हणजे मधोमध बसलेला कण त्यातला ४० टक्के प्रकाश अडवतो. एफ/८ ला शंकू १२५ मायक्रॉनचा, अडतो दहा टक्के. एफ/४ ला २५० मायक्रॉनचा, अडतो जेमतेम अडीच टक्के. तोच कण, तोच सेन्सर. एफ/१६ ला काळा ठिपका, एफ/८ ला पुसट सावली, एफ/४ ला शोधूनही सापडत नाही.

म्हणजे त्या दुकानदाराने नुसतं "काका, एफ/८ वर काढून बघा" म्हटलं असतं तरी बाबांचे बरेच रविवार वाचले असते. अर्थात मला दुकानदाराला नावं ठेवायचा काय अधिकार? मला तर कारणही माहीत होतं.

असो. आता कृती. आधी तपासणी.

कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर, एफ/१६ किंवा एफ/२२, आयएसओ सगळ्यात कमी, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवायचा. समोर पांढरी भिंत, कोरं आकाश किंवा लॅपटॉपवरची कोरी पांढरी खिडकी. फोटो काढताना कॅमेरा चक्क हलवायचा! आयुष्यात एकदाच मिळणारी संधी. भिंतीवरचे पोपडे हलण्यात पुसले जातात, सेन्सरवरचे डाग मात्र जागच्या जागी राहतात. मग फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून बघायचा. पहिल्यांदा बघाल तेव्हा गोवर आल्यासारखं दिसेल. घाबरू नका, कॉन्ट्रास्ट आपणच वाढवलाय.

व्ह्यूफाइंडरमध्ये डाग दिसतोय पण फोटोत नाही, तर डीएसएलआरमध्ये तो मिररवर किंवा फोकसिंग स्क्रीनवर आहे. त्याच्या नादी लागू नका. लेन्स बदलल्यावर नाहीसा झाला, तर सेन्सर निर्दोष. लेन्स बदलून, जागा बदलून, डाग तिथेच, तर मग सेन्सर. आमच्या धंद्यात याला बग रिप्रोड्यूस करणं म्हणतात. त्याआधी दुरुस्ती सुरू करणाऱ्या माणसाला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

आणखी एक. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. कॅमेरा सरळ धरून समोरून आत बघितलंत तर डावं-उजवं फोटोसारखंच, पण वरचं खाली. म्हणजे फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग खाली डावीकडे शोधायचा. आकाशातले डाग सेन्सरच्या तळाशी असतात. हे माहीत नसेल तर माणूस स्वच्छ कोपरा घासत बसतो.

आता उपाय, क्रमाने. एक पायरी झाली की परत तपासणी, आणि डाग गेले असतील तर तिथेच थांबायचं.

पहिली पायरी: कॅमेऱ्याची स्वतःची थरथर. दोनचार वेळा चालवा. फुकट आहे.

दुसरी: रबरी फुग्याचा ब्लोअर, ब्रश नसलेला. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. साफसफाईच्या मोडमध्ये मिरर आणि शटर बॅटरीच्या जोरावर उघडे राहतात. ती मध्येच मेली तर ते तुमच्या हत्यारावर आपटतात. बल्ब मोडवर हे काम कधीच करू नका, बोट सुटलं की खेळ खलास. पंखा बंद. केर काढून निदान तासभर झालेला असू द्या. ब्लोअर आधी दोनचारदा हवेत दाबा, म्हणजे त्याच्या पोटातली धूळ बाहेर. मग कॅमेऱ्याचं तोंड खाली, ब्लोअरचं नाक लेन्सच्या कड्याच्या बाहेरच, आणि आठदहा फुसके. सुटलेली धूळ खालीच पडते. मिररलेस असेल तर मिररची भानगड नाही, पण काही मॉडेलमध्ये कॅमेरा बंद केला की शटर पुढे येऊन बसतं. त्याच्या पात्यांवर हवा मारू नका, आधी मॅन्युअल वाचा. बहुतेकांचं काम या पायरीवर संपतं.

तिसरी: ओला स्वॅब. ही फक्त चिकटलेल्या डागासाठी. आणि आधी ब्लोअर मारल्याशिवाय कधीच नाही, कारण सुटा कण स्वॅबखाली सापडला तर तो वाळूच्या कागदासारखा फिरतो. ओरखडे बहुधा असेच पडतात. स्वॅब सेन्सरच्या मापाचा घ्यायचा, एपीएस-सी ला १६ मिलिमीटरचा, फुल फ्रेमला २४ चा. सेन्सरसाठीच बनवलेल्या द्रवाचे एक-दोन थेंब. ओघळ येईल इतके नाही. एका टोकाला टेकवायचा, हलक्या हाताने एकाच दिशेने दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा, मग दुसरी बाजू करून परत आणायचा. संपलं. तो स्वॅब कचऱ्यात. "चांगला दिसतोय की अजून" असा आपला मध्यमवर्गीय विचार इथे आवरायचा. सेन्सर हलवून थरथर सावरणारा कॅमेरा असेल तर हात आणखी हलका ठेवा, कारण तिथे सेन्सर पक्का जखडलेला नसतो. आणि हो, यातले बरेच द्रव मिथेनॉलचे असतात, म्हणजे विषारी आणि पटकन पेट घेणारे. खिडकी उघडी ठेवून, देवघरातल्या निरांजनापासून लांब बसा.

काय करायचं नाही याची यादी छोटी आहे. तोंडाने फुंकर नाही (कारण कळलंच असेल). डब्यातली दाबलेली हवा नाही, तिच्यातला द्रव वायू सेन्सरवर उडून डाग पाडतो. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर नाही, हसू नका, लोक जातात. कानात घालायची कापसाची काडी, चष्म्याचं फडकं, बनियन, अत्तर, कलोन, काहीही नाही.

मी रात्री अकराला, सगळे झोपल्यावर बसलो. तपासणीत नऊ डाग. ब्लोअरनंतर चार. स्वॅब टेकवताना हात असा थरथरत होता की प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर पहिल्यांदा डिलीट मारताना थरथरला नव्हता. पहिल्या स्वॅबनंतर दोन, दुसऱ्यानंतर एक. उजव्या कोपऱ्यात, फिकट. तिसरा स्वॅब उचलला आणि खाली ठेवला. तो एक डाग अजून तिथेच आहे. एडिटिंगमध्ये एका क्लिकने जातो, त्यासाठी सेन्सर परत घासण्यात शहाणपण नाही. दर पंधरा दिवसांनी सेन्सर पुसणारे हौशी लोकही मी बघितलेत. प्रत्येक ओली पुसणी म्हणजे ओरखड्याची नवी संधी, हे त्यांना कोण सांगणार?

आता विरुद्ध पक्ष. ऑफिसातला एक सीनियर म्हणतो, "कशाला भानगड? सर्व्हिस सेंटरला द्यायचा." कंपन्यांची मॅन्युअल्सही साधारण तेच सांगतात: ब्लोअरपर्यंत ठीक, पुढे आमच्याकडे या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. काही बाबतीत ते बरोबरही आहे. कॅमेरा वॉरंटीत असेल, ओरखडा दिसत असेल, आत बुरशी वाटत असेल, किंवा तुमचा हात मुळातच कापत असेल, तर सरळ तिकडे जा. घरी केलेल्या साफसफाईने काही बिघडलं तर तो खर्च आपला, हेही धरून चाला. डाग परत परत येत असतील तरीही जा, कारण मग दोष धुळीचा नसेलही. निकॉनच्या २०१२ सालच्या डी६०० चं असंच झालं होतं. पुसलं तरी ठिपके पुन्हा यायचे. शेवटी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत तपासणी, सफाई आणि शटर बदलून द्यायचं जाहीर केलं. असा दोष तुम्ही आम्ही स्वॅबने काय दुरुस्त करणार?

पण साताऱ्यातल्या रिटायर्ड माणसाला "पुण्याला सर्व्हिस सेंटरला द्या" म्हणजे शंभरेक किलोमीटर जाणं, तितकंच येणं, आणि परत आणायला तोच फेरा. तो जात नाही. तो कॅमेरा अभ्र्यात गुंडाळतो. "हात लावू नका" या पाटीने सेन्सर सुरक्षित राहतो हे खरं, पण अभ्र्यात सगळेच सेन्सर सुरक्षित असतात. आमच्या कंपनीत असा एक जुना सर्व्हर आहे, त्याला कुणी हात लावत नाही, कारण शेवटचा माहीतगार केव्हाच सोडून गेला. सगळे त्याला सांभाळतात म्हणे. खरं तर सगळे घाबरतात. माझं म्हणणं इतकंच, की दोन पायऱ्या प्रत्येकाला यायला हव्यात: भिंतीचा फोटो काढून तपासणं आणि ब्लोअर मारणं. त्याला ना पैसे लागतात ना धाडस. तिसरी पायरी ज्याने त्याने आपला हात बघून ठरवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांसमोर कॅमेरा ठेवला आणि सगळं सांगितलं. दिवाळी, चिवडा, फुंकर, पळ काढणं, एफ/१६ चं गणित, सगळं. आई स्वयंपाकघरातून "चिवडा? माझा?" म्हणून बाहेर आली. बाबांनी कॅमेरा उलटसुलट करून बघितला, भिंतीचा आधीचा आणि नंतरचा फोटो बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, तेव्हाच सांगायचंस ना."

बस, एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

फोल्डरमध्ये जानेवारी २०१९ नंतर थेट सप्टेंबर २०२१ ची फाइल आहे. त्या फोटोत जरंडेश्वरावर ढग आहेत आणि उजव्या कोपऱ्यात, नीट बघितलं तर, एक फिकट ठिपका. बाबा आता एफ/८ वर काढतात. मी पुढे केलेला ब्लोअर त्यांच्या बॅगेत असतो आणि लेन्स बदलायची असली की कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, माझ्याकडे पाठ फिरवून बदलतात.

तुमच्या कपाटात असा एखादा कॅमेरा पडला असेल तर आजच रविवार आहे. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून बघा. आणि फराळ आधी गिळा.